चौघं गेली, चौघं आली

पाच दिवसांची सहल ठरल्याप्रमाणे पार पडली. चौघं गेली, चौघं परत आली आणि शेवटच्या नाक्यावर परवान्यावर ‘सर्व हजर’ असा शिक्का बसला. शिक्का समोर टेबलावर आहे. जरा तिरका बसलाय, पण खरा आहे.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. मीही तसंच समजतो, रोज सकाळी ऑफिस उघडताना.

ल्हासात, बारखोर बाजारामागच्या गल्लीत, नूडलवाल्याच्या डोक्यावर आमचं सहलींचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर आणि खालून येणारा मिरचीचा ठसका. एका टेबलावर मी, ग्युर्मे, कागदपत्रं करतो. दुसरं टेबल माझ्या थोरल्या बहिणीचं. थोरलीला आचा म्हणायचं, म्हणून मी आचाच म्हणतो. ती गाइड आहे. नऊ वर्षं ती परदेशी लोकांना डोंगर दाखवते आणि नऊ वर्षं, न चुकता, कांबा खिंडीत पोचली की डोकं धरून गाडीमागे जाते आणि ओकते. जन्म साडेतीन हजार मीटरवरचा, आणि तिला गोळ्या देतात पाहुणे.

“लाज नाही वाटत?” मी एकदा विचारलं होतं.

“वाटते ना. म्हणून तर गाडीमागे जाते.”

उन्हाळ्याच्या तोंडावर नॉर्वेहून मेल आला. तिघं निवृत्त शिक्षक: टोरुनबाई, त्यांचे यजमान हाल्वार्ड आणि त्यांचा मित्र सिग्वे. पहिलीच खेप, हाताशी पाचच दिवस. टोरुनबाईंनी एकूण चौदा मेल केले आणि प्रत्येकात प्रश्न. श्वास लागेल का? किती लागेल? मठात बसायला खुर्ची मिळते का? हाल्वार्ड घोरतो, ते उंचीवर वाढतं का? मी कळवलं, पहिले दोन दिवस ल्हासात नुसतं बसायचं, पाणी प्यायचं, अंघोळ करायची नाही. तिसऱ्या दिवशी कांबा खिंड आणि यामड्रोक सरोवर, चौथ्या दिवशी ग्यांत्सेचा मठ, पाचव्या दिवशी परत. श्वास सगळ्यांनाच लागतो, आमच्या गाइडलाही. घोरण्याबद्दल माहिती उपलब्ध नाही.

परवान्यासाठी प्रवाशांची यादी मी ज्या दुपारी केली, त्याच दुपारी मला दुसरीही एक यादी करायची होती. दर वर्षी आम्ही घरातल्या गेलेल्यांची नावं गावाबाहेरच्या मठात देतो. तिथे ती सात सकाळी मोठ्याने वाचतात आणि सांगतात, मागे वळू नका, पुढे जा. हे सात दिवस सोडले तर गेलेल्याचं नाव घरात कुणी घेत नाही. कानावर नाव पडलं की तो वाटेवरून मागे वळतो. म्हणून मीही इथे लिहीत नाही. नावं तीन होती. पाला, म्हणजे आमचे वडील. ते ड्रायव्हर होते आणि अकरा वर्षांपूर्वी कांबा खिंडीतून गाडीसकट खाली गेले. मोमो, आमची आजी. आणि आकु, आमचे काका.

मी नीटनेटका माणूस आहे. दोन्ही याद्या एकाच नमुन्यात छापल्या. क्रमांक, नाव, स्त्री की पुरुष, जन्मसाल. शेवटच्या रकान्यात प्रवाशांचे पासपोर्ट नंबर, गेलेल्यांचं गेल्याचं साल. प्रवाशांच्या यादीत नियमाप्रमाणे चौथी ओळ गाइडची, म्हणजे आचाची, ओळखपत्राच्या नंबरासकट. दोन पाकिटं केली. दोन्ही सारखीच, कारण मी नीटनेटका माणूस आहे.

परवाना देणारी कचेरी स्वल्पविराम चुकला तरी अर्ज परत पाठवते. एकदा एका बाईंचा अर्ज फोटोत त्या हसतायत म्हणून परत आला होता. सोमवारी सकाळी आमचा परवाना आला. मंजूर. तीन प्रवासी: पाला, मोमो आणि आकु. पासपोर्ट नंबराच्या रकान्यात तीन सालं. खाली गाइड म्हणून कचेरीनेच अर्जावरून आचाचं नाव घातलं होतं.

आचाने तो कागद दोनदा वाचला. ओठ हलू दिले नाहीत.

“ही तुझी गंमत आहे?”

“माझ्या गमतींना शिक्का नसतो.”

“मग मठात काय गेलंय, ग्युर्मे?”

मी मठात फोन लावला. नावं वाचायचं काम लोद्रो नावाच्या म्हाताऱ्या भिक्षूंकडे आहे. भिक्षूंना आम्ही कुशो-ला म्हणतो.

“आज सकाळी सुरू केलं बघ,” ते म्हणाले. “ती परदेशी नावं काही जिभेवर बसत नाहीत. पण तुझ्या आचाचं नाव आलं आणि वाईट वाटलं. कधी गेली रे?”

“ती इथे समोर बसलीय, कुशो-ला. चहा पितेय.”

फोनमध्ये यादी चाळल्याचा आवाज आला.

“मग थांबवा ना,” मी म्हणालो.

“अर्ध्या वाटेत सोडून देऊ? मग तो जीव ना इकडचा ना तिकडचा. एकदा सुरू केलं की सात दिवस पुरे करावे लागतात.”

“आणि जिवंत माणूस असला तर?”

“ते माहीत नाही. जिवंत माणूस आजवर कुणी पाठवला नाही.”

नाव म्हणजे शेवटी आवाज, असं मी आचाला समजावलं. तिने मान हलवली आणि चहा संपवला. तेव्हा ती चहा संपवत असे. नवा परवाना यायला वीस दिवस लागले असते, म्हणून मी नॉर्वेला कळवलं, निघू नका.

मंगळवारी उत्तर आलं. टोरुनबाईंचा पंधरावा मेल, आणि त्यात एकही प्रश्न नव्हता.

“आम्ही निघालो. परवाना कुणी विचारला नाही. इथे फार छान आहे. तिघांनाही श्वास अजिबात लागत नाही.”

मी चिडलो. उघड होतं, पलीकडच्या गल्लीत आमच्यासारख्याच सहली काढणाऱ्या जाम्यांगने आमचे पाहुणे पळवले होते. मी तडक त्याच्या दुकानात गेलो. तो कलिंगडाच्या बिया फोडत बसला होता.

“चौदा मेल करणारी बाई?” तो म्हणाला. “मी पळवू? तूच ठेव बाबा. आणि बसायचं असेल तर बस, संशय उभ्याने घेऊ नये.”

बुधवारी आचा परवाना घेऊन स्टेशनवर गेली. परवान्यावर तारीख पडली की गाइडला जाऊन उभं राहावंच लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी ओळखपत्र मिळत नाही. दहा वाजता तिचा फोन आला.

“भेटले. तिघं आहेत.”

“नॉर्वेचे?”

“तिघं आहेत म्हटलं ना. परवान्याशी जुळतात.”

“आचा, मस्करी करू नकोस.”

“ते खातं तुझं.” मग तिचा आवाज खाली आला. “सामान काहीच नाही रे यांच्याकडे. म्हातारीचे हात इतके गार आहेत, मी माझे हातमोजे दिले.”

दोन दिवस ती सगळी हॉटेलवर होती, आमच्यापासून दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. प्रिंटरची शाई बदलायची होती. ती मी दोन दिवस बदलत होतो. हॉटेलच्या मालकीणबाईंना तेवढा फोन केला.

“शांत आहेत हो तुमचे पाहुणे,” त्या म्हणाल्या. “जेवणाचं मात्र बघा. ताटाचा वास घेतात, छान आहे म्हणतात आणि ताट सारतात. पोट बिघडलं असेल. परदेशी ना.”

गेलेल्यांसाठी आम्ही घरात सत्तू जाळतो. त्यांना वास पुरतो. हे मालकीणबाईंनाही ठाऊक आहे.

माझा संशय आता आचावर आला. तिने कुठूनतरी तीन म्हातारी माणसं जमवून मला धडा शिकवायचं ठरवलं असणार. ती असं करू शकते. लहानपणी तिने मला आठवडाभर पटवलं होतं की मी याकच्या बदल्यात घरी आणलेला आहे.

शुक्रवारी ती खिंडीखालच्या नाक्यावरून बोलत होती. फोन चालूच राहिला. नाक्यावरचा शिपाई परवान्यावरून एकेक नाव मोठ्याने पुकारत होता. मोमोचं. आकुचं. मग पालांचं. मठाबाहेर अकरा वर्षांत ते नाव मी ऐकलं नव्हतं.

“हजर,” कुणीतरी म्हणालं. आणि खोकलं. दोनदा आखूड, एकदा लांब.

खोकला कुणालाही येऊ शकतो.

“आचा, गाडी कोण चालवतंय?”

“ड्रायव्हर आलाच नाही. यांच्यातलेच एक म्हणाले, मी चालवतो. रस्ता पाठ आहे म्हणे.”

“उतर गाडीतून.”

“का? चांगली चालवतात. प्रत्येक वळणावर दोनदा हॉर्न देतात.”

पाला दोनदा द्यायचे. एकदा समोरच्यासाठी आणि एकदा डोंगरासाठी.

“उतर म्हणतो ना.”

“ग्युर्मे,” ती म्हणाली, “मला अजून दोन दिवस आहेत. दोनच आहेत.” आणि फोन बंद झाला.

शनिवारी सकाळी मी मठात गेलो. सहावा दिवस होता. लोद्रोंनी तीन परदेशी नावं वाचली, एव्हाना त्यांच्या जिभेवर ती छान बसली होती. मग आचाचं नाव. मागे वळू नकोस, पुढे जा. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, ही जिवंत आहे. ढोल थांबला नाही. मी पुन्हा म्हणालो. लोद्रोंनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरले होते त्यांचे, आणि ते वाचत राहिले.

अंगणात आलो तर खिशात फोन वाजत होता.

“काल खिंडीत माझं डोकं दुखलंच नाही,” आचा म्हणाली.

“बरं झालं.”

“ओकलेही नाही. वर पताकांपर्यंत धावत गेले.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“श्वासच लागत नाही रे, ग्युर्मे.”

रविवारी पाचला ती जिना चढून आली. दोन मजले. मी कान देऊन होतो. धाप ऐकू आली नाही. पावलंही जरा उशिराच ऐकू आली.

तिने परवाना टेबलावर ठेवला. सर्व हजर.

त्याला एकोणीस दिवस झाले. ती रोज येते, समोर बसते. मी चहा ओततो. ती कपावर वाकते, वाफ घेते, छान झालाय म्हणते आणि कप माझ्याकडे सारते.

नॉर्वेहून सोळावा मेल आलेला नाही.

काल मठातून यादी परत आली. तीन पासपोर्ट नंबर खोडून तिथे नीट अक्षरात साल लिहिलंय. हेच साल. चौथ्या ओळीत नंबर खोडलाय, पण पुढे काही नाही. शेजारी पेन्सिलीने लिहिलंय: ‘हिचं तू सांग.’

आचाचं नाव मी इथवर लिहिलं नाही. सवयीने राहिलं असेल. आज लिहितो, कुणालाही मोठ्याने पुकारता येईल असं.

प्रति, परवाना कचेरी. प्रत माहितीसाठी: मठ, नाववाचन विभाग.

अर्जदार ग्युर्मे यांजकडून दोन याद्यांची पाकिटं बदलली गेली. तरी गाइड युड्रोन, दोन्ही याद्यांत ओळ चौथी, यांना मागे वळण्याची विशेष परवानगी मिळावी. युड्रोन या वळेपर्यंत त्यांचं नाव प्रत्येक नाक्यावर रोज पुकारण्यात यावं. शेवटचा रकाना मोकळा सोडला आहे. तो कृपया मोकळाच मंजूर करावा.