वाल सोललेली दुपार

"सरूताई, येताय ना? रोह्याला कुंडलिकेच्या काठी टेबल सांगून ठेवलंय," उंबऱ्यात उभं राहून उर्वीने विचारलं.

"नको गो, तुम्ही जा. घरात कामं हायत."

"बरं!" म्हणून उर्वी वळली, गाडीचं दार लागलं... आणि संपलं! नुसतं 'बरं'!

सरू ओल्या हातांनी दारात उभी राहिली. गाडीत पुढे धाकटा दीर अनय आणि त्याची ही बायको उर्वी, मागे तिचा स्वतःचा नवरा शरद आणि सासूबाई आनंदीबाई! पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आल्यामुळे धाकटी जोडी रोह्याहून पेणला तीन दिवस राहायला आली होती आणि तीनही दिवस हेच चाललं होतं. शुक्रवारी झेंडावंदन करून हायवेवरच्या हॉटेलात, शनिवारी दहीहंडी बघून थाळी खायला, आणि आज थेट रोहा!

सरू जोहे गावची. तिच्या माहेरी पहिलं 'नको' हे फक्त म्हणण्यापुरतं असायचं. समोरच्याने हात धरायचा, आर्जव करायचं, मग पदर सावरत उठायचं. पहिल्याच बोलावण्याला उठेल तिला सगळा गाव हावरट म्हणायचा. कंपनीच्या कॉलनीत वाढलेल्या उर्वीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिच्यासाठी 'नको' म्हणजे नको. पण शरदला तरी कळायला नको? वीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याने तरी मागे वळून म्हणावं ना, चल गं!

तीन दिवसांत सरूने चादरी धुतल्या, डबे घासले, माळा झाडला. प्रत्येक कामासोबत आतला मत्सर धुमसत होता. काल आनंदीबाई परत आल्यावर म्हणाल्या होत्या, "छान होती हो आमटी!" वीस वर्षांत सरूच्या आमटीला त्यांनी कधी 'छान' म्हटलं होतं? वाटी पुढे करायच्या, बस! त्यांच्या दुखण्याखुपण्यात कोण बसलं होतं उशाशी? आणि आता ही धाकटी चार दिवसांसाठी येते, ओठांना रंग लावून त्यांना गाडीत बसवते, आणि त्याही लहान लेकरासारख्या आनंदाने बसतात! सरूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं... आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

गुरुवारी भिजत घातलेल्या कडव्या वालांना सुरेख मोड आले होते. रविवारी बिरडं करायचं, सगळ्यांना घरी बसवून वाढायचं, मग बघू कोणाचं हॉटेल मोठं ते, असा बेत तिने मनाशी केला होता. सकाळपासून कोमट पाण्यात बोटं घालून एकेक वाल सोलला होता. नखं काळी पडली होती, पाठ मोडून आली होती. ती शुभ्र रास समोर होती आणि खाणारी माणसं मात्र गाडीत बसून निघून गेली होती.

"कुणासाठी? कुणासाठी हे सगळं?" ती रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडली. परात उचलली आणि मागच्या दारी केळीच्या बुंध्याशी पालथी केली. क्षणभर जिवाला फार बरं वाटलं. मग ती पायरीवर बसून ढसाढसा रडली.

अडीच-तीनच्या सुमाराला गाडी परत आली. एवढ्या लवकर?

आनंदीबाई आत आल्या त्या थेट पाटावर. "सरू, वाढ गो. बिरडं झालं असेल ना? मी तिथे काही खाल्लं नाय."

सरू फणकारली. "का नाय खाल्लंत? काल तर आमटी छान होती!"

"पोरीचं मन राखायला म्हटलं. काल भाकरीचा तुकडा मोडत बसले होते, शरदला विचार. मी जाते ती तुझ्यासाठी. म्हटलं मी घरात नसले की तुला जरा पाठ टेकता येईल. सकाळी वाल सोलताना बघितलं तुला, तेव्हापासून जिभेवर तेच हाय."

"आई... वाल नायत! मी टाकले. केळीखाली. रागाने, जळून टाकले!"

शरद मान खाली घालून उभा राहिला. मग अनपेक्षितपणे उर्वीच रडायला लागली.

"ताई, जळते तर मी! लग्नाच्या वर्षी मी इथे बिरडं केलं होतं, आठवतं? आईंनी एक घास घेतला आणि विचारलं, सरू कुठं गेली? त्या दिवसापासून मी या स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. तुमच्या हाताशी माझ्या हाताची बरोबरी होत नाही, म्हणून हॉटेलात नेते सगळ्यांना! आणि तुम्ही 'नको' म्हणालात की... खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटायचं."

सरूला उमगलं, तीन दिवस आपण जिचा हेवा केला ती आपल्याच हाताचा हेवा करत होती!

उर्वी डोळे पुसून मागच्या दारी गेली. केळीचं एक मोठं पान खाली पडलेलं होतं आणि राशीतले वरचे वाल त्याच्यावरच राहिले होते. ती नव्या साडीनिशी उकिडवी बसून ते वेचू लागली. सरू गेली, शेजारी बसली. दोघींनी पाच पाण्यांनी धुतले तेव्हा जेमतेम दोन वाट्या भरल्या.

"फोडणी तू घाल," सरू म्हणाली, "मी उभी हाय बाजूला."

फोडणी तडतडताना तिने उर्वीला आपल्या माहेरचं ते 'नको' उलगडून सांगितलं. प्रत्येकाच्या वाटीत जेमतेम डावभर बिरडं पडलं. आनंदीबाईंनी घास घेतला, चावला, उर्वीकडे पाहिलं. "छान झालंय." मग आपली वाटी त्यांनी सरूपुढे सरकवली. "तू आधी खा. वीस वर्षं मी नुसती वाटी पुढे केली, तोंडाने कधी बोलले नाय. तुला कळत असेल असं वाटायचं गो."

सरूने त्या वाटीतला पहिला घास घेतला.

संध्याकाळी निघताना उर्वी उंबऱ्यात थांबली. "ताई, गणपतीनंतर रोह्याला या चार दिवस. याल?"

सरूच्या ओठांवर जुनं 'नको' आलं. उर्वीने पटकन तिचा हात धरला, "आता दुसऱ्यांदाही विचारते हं!"

"दुसऱ्यांदा नको विचारूस," सरू म्हणाली. "येते."