अक्रोडाच्या सात फळ्या

मी सुतार आहे आणि माझा विश्वास मोजपट्टीवर आहे. म्हणून आधी मापं सांगतो, नंतर कुणी म्हणायला नको की मिस्त्रीनं मीठमसाला लावला. बाईंची शवपेटी पाच फूट चार इंच लांब, खांद्याकडे बावीस इंच रुंद, रिकामी तीस किलो. बाई स्वतः पंचेचाळीस किलोच्या आत, हे आमच्या खाटकाचं मत. वजनाच्या बाबतीत त्याचा डोळा कधी चुकत नाही, चुकतो तो तराजूवरचा अंगठा. म्हणजे सगळं मिळून पंचाहत्तर किलो आणि उचलायला आम्ही सहा धट्टेकट्टे पुरुष.

पेटी हलली नाही.

पण बाई कोण ते आधी सांगायला हवं. बाई म्हणजे आमच्या लहानशा मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळीचा कणा, आणि वेळ पडली तर काठीसुद्धा. त्यांचे यजमान चर्चची कौलं बसवताना पडून गेले, तेव्हा बाई अडतीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं त्यांनी गावाला सुधारण्यात घालवली. दारू सोडल्याच्या शपथपत्रावर त्यांनी गावातल्या प्रत्येक पुरुषाची सही घेतली, काहींची तीन-तीनदा. रविवारी काम करणं पाप, म्हणून रविवारी कोंबड्यांनी घातलेली अंडी त्या विकत नसत, फुकट वाटत. त्यामुळे शेजाऱ्यांचीही रविवारावर फार श्रद्धा होती.

दर गुरुवारी चार वाजता त्यांच्या बाहेरच्या खोलीत बैठक भरायची. आम्ही तिला आत्म्याची हजेरी म्हणायचो, अर्थात बाईंच्या माघारी. बारा खुर्च्या, एक भिंतीवरचं घड्याळ. बाई एकेकापुढे येऊन विचारायच्या, "तब्येत नको सांगूस. आत्म्याचं कसं काय?" मग पेपरमिंटची एक गोळी तोंडात टाकायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. गोळी कवळीवर आपटायची, टक्, टक्. तेवढ्या वेळात खरं बोललात तर सुटलात. नाही बोललात, तर शेवटी पातळ झालेली गोळी त्या कडकन फोडायच्या, डोळे मिटायच्या आणि सगळ्यांदेखत तुमच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करायच्या. त्या प्रार्थनेत सगळं यायचं. बाईंना कसं कळायचं देव जाणे. खाटकाच्या अंगठ्यासाठी तर दोनदा प्रार्थना झाली होती.

आता फळ्यांचं. बाईंच्या दारात यजमानांनी लावलेलं अक्रोडाचं झाड होतं. अठरा वर्षांपूर्वी मार्चमधल्या वादळात ते पडलं. बाईंनी ते चिरवून सात फळ्या माझ्याकडे वाळायला ठेवल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, माझी पेटी याचीच. मी जाईन तर याच लाकडात जाईन." मी शब्द दिला. तेव्हापासून दर मार्चला, वादळाच्या तारखेला, त्या माझ्या कारखान्यात यायच्या आणि एकेका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करून जायच्या.

मी वाईट माणूस नाही हो. गेल्या वर्षी माझ्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. तिची आई ती नऊ वर्षांची असतानाच गेली. पोरीला काहीतरी चांगलं द्यावं असं वाटत होतं आणि माझ्या हाताशी चांगलं असं एकच लाकूड होतं. म्हटलं, बाई काय, अजून वीस वर्षं कुठे जातायत, तोवर दुसरं आणून ठेवू. सहा फळ्यांचं कपाट केलं. असं कपाट मी आयुष्यात पुन्हा करणार नाही, इतकं सुंदर झालं. लेकीनं विचारलं, बाबा, हे लाकूड कुठलं? मी सांगून बसलो की तू जन्मलीस त्या दिवसापासून तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. पोर रडली. तिनं सासरी, शेजारीपाजारी, चर्चमध्ये, सगळीकडे सांगितलं. आता ते कसं परत घेणार?

या मार्चमध्ये बाई आल्या तेव्हा सातवी फळी पुढे होती आणि मागे अक्रोडी रंग दिलेल्या पाइनच्या सहा फळ्या. त्यांनी पुढच्या फळीवर टकटक केलं. मग मागच्यांवर केलं.

"या का बोलत नाहीत रे?"

मी म्हटलं, सर्दावल्यात.

त्यांनी गोळी तोंडात टाकली. "आत्म्याचं कसं काय, मिस्त्री?"

"उत्तम, बाई."

गोळी फिरत राहिली. मी रंध्याकडे बघत राहिलो. माझी बायको गेली तेव्हा हीच बाई तीन आठवडे रोज सकाळी येऊन माझ्या लेकीची वेणी घालून जायची, आणि तेवढे तीन आठवडे तिनं मला आत्म्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. हे सगळं मला तेव्हा आठवलं, तरी तोंड उघडलं नाही. बाईंनीही गोळी फोडली नाही. तशीच गालात धरून त्या निघून गेल्या.

मे महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी बाई खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. पेटी मी रात्रीत पाइनची केली, तिला तीन हात रंग दिला. झाकणाला तेवढी सातवी फळी लावली, मनाच्या समाधानासाठी. झाकणाचे स्क्रू मी स्वतः आवळले. बाई आत होत्या, मी डोळ्यांनी पाहिलं.

गुरुवारी बाईंच्या बाहेरच्या खोलीतून पेटी उचलायला आम्ही सहा जण होतो. चर्चचे पाळकसाहेब, बाईंचा भाचा, पोस्टमन, खाटीक, दूधवाला आणि मी. पहिल्यांदा उचलायला गेलो तेव्हा भाच्याची पाठ लचकली. दुसऱ्यांदा पाळकसाहेबांचं बटण तुटून घड्याळाच्या काचेवर आपटलं. दूधवाला म्हणाला, जमिनीला चिकटली असेल. मी वाकून पाहिलं. पेटी दोन स्टुलांवर होती आणि खालून सरळ पलीकडचं दिसत होतं.

घड्याळात चाराचे ठोके पडले. पोस्टमननं टोपी काढली.

"आज गुरुवार," तो हळूच म्हणाला. "आपली हजेरी राहिलीय."

कुणी हसलं नाही. मग पोस्टमन पेटीकडे बघून म्हणाला की मी बाईंची सगळी पत्रं वाफेवर उघडून वाचायचो, बहिणीचं भांडण त्यांच्याआधी मला कळायचं. एवढं बोलला आणि त्याच्या बाजूचा कोपरा उचलला गेला, अगदी बोटभर. दूधवाल्यानं घाईघाईनं दुधातल्या पाण्याचं कबूल केलं. ते सगळ्यांना ठाऊकच होतं, पण पाण्याचं प्रमाण ऐकून पाळकसाहेब खाली बसले. खाटकानं अंगठा पुढे केला. भाच्याच्या खोकल्याच्या बाटलीत औषध नव्हतंच. पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले, माझी एकूण एक प्रवचनं एका जुन्या पुस्तकातली आहेत आणि ते पुस्तक मी बाईंकडूनच वाचायला म्हणून नेलं होतं. पाच कोपरे मोकळे झाले, पेटीला पाच कोपरे असते तर असं म्हणालो असतो. माझी बाजू तेवढी खाली राहिली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. दारात माझी लेक उभी होती, हातात फुलं घेऊन, रडून डोळे सुजलेले.

मी म्हणालो, "प्रवचनाच्या वेळी मी डोळे मिटतो ते प्रार्थनेसाठी नाही. झोपतो."

क्षणभर काही झालं नाही. मग पेटी उचलली गेली, इतकी सहज की आम्ही सहाही जण मागे कोलमडलो.

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला, की बाईंना शेवटी मीच एकट्यानं चकवलं. टेकडी चढताना कुणाला धाप लागली नाही. कबरीत सोडताना दोर ताणलेसुद्धा गेले नाहीत. खाटीक माझ्या कानाशी आला. त्याचा चेहरा त्याच्या दुकानातल्या फरशीइतका पांढरा पडला होता.

"मिस्त्री, ही नुसती पेटी आहे. तीस किलो. वर एक छटाकही नाही."

मी म्हटलं, तुझा अंगठा आज दोराखाली असेल.

शनिवारी सकाळी दारात ट्रक आला. लेक त्या दिवशी सामान घेऊन कायमची सासरी निघाली होती. गाद्या, भांडी, खुर्च्या चढल्या. कपाट शेवटी. ते रिकामं होतं, मी स्वतः आतले सगळे कप्पे काढून ठेवले होते. वजन चाळीस किलो, मीच केलेलं आहे. दोन हमालांनी हात घातला. मग चौघांनी. मग रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमनला आणि भाच्याला बोलावलं.

कपाट हललं नाही.

पोस्टमननं हात काढून घेतला. त्यानं कपाटाकडे पाहिलं, लाकडाच्या रेषांकडे पाहिलं, त्याच रेषा त्यानं परवा पेटीच्या झाकणावर पाहिल्या होत्या. मग त्यानं टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

खोलीत पेपरमिंटचा वास होता.

"बाबा," लेक म्हणाली. ती कपाटाच्या दाराला कान लावून उभी होती. "आत काहीतरी वाजतंय."

मलाही ऐकू येत होतं. टक्. टक्.

"बाबा, हे लाकूड नक्की कुठलं?"

मी तोंड उघडलं. लेक वाट बघत होती, हमाल वाट बघत होते. आतला आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. गोळी आता फार पातळ झाली असावी.