ग्लीब लेनमधली गुन्हेगारी

शेजारच्या घराच्या मागच्या दारानं ब्रायनी आत शिरली, तेव्हा तिच्या डोक्यात फक्त शिडी होती. म्हाताऱ्या टिब्सच्या स्वयंपाकघरातली शिडी ती लहानपणापासून अशीच आणत आली होती. दार ढकलायचं, स्वयंपाकघर ओलांडायचं, शिडी उचलायची. टिब्स आता मुलीकडे राहायला गेला आहे आणि घर कुणा शहरी माणसानं घेतलं आहे, हे तिच्या कानावर आलं होतं. पण बाहेर पाऊस कोसळत असताना आणि आपल्या छपरातून पाण्याची धार थेट पियानोवर पडत असताना असल्या गोष्टी कुणाच्या लक्षात राहतात?

स्वयंपाकघरात एक उंच तरुण उभा होता. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात फोन.

"हो, आत्ता माझ्या समोरच आहे," तो फोनवर सांगत होता. "बाई आहे. तिशीची असेल..."

"एकोणतीस!" ब्रायनी म्हणाली.

"एकोणतीस म्हणते आहे. पिवळा रेनकोट. गुडघ्यांना चिखल. काय? थांबा, विचारतो." त्यानं मान वर केली. "तुमच्याकडे हत्यार आहे?"

"माझ्याकडे गळकं छप्पर आहे! मी शेजारी राहते!"

"शेजारी राहते असं तिचं म्हणणं आहे. डोळे? करडे. नाही... हिरवट. रागावली की हिरवे होतात, असं लिहा." तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग फोनवर हात ठेवून जरा अवघडून म्हणाला, "पोलिसांची सगळ्यात जवळची गाडी दोन गावं सोडून आहे. जिवाला धोका आहे का, असं विचारतायत."

"अजून थोडा वेळ मला असंच उभं ठेवलंत, तर नक्की होईल."

त्याला हसू आलं. हसण्याच्या नादात लाटणं हातातून सुटलं आणि त्याच्याच पायावर आदळलं. तो कळवळून वाकला, तेवढ्यात ब्रायनीनं शिडी उचलली आणि ती तरातरा बाहेर पडली. वेंधळा! जाताजाता मात्र तिनं एकदा मागं वळून पाहिलं... त्याचे कान लाल झाले होते. तिला उगीचच बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ती आणखी वैतागली.

खरं तर तिच्याकडे असल्या गोष्टींना वेळच नव्हता. लिटल टॉलिंगमध्ये ती नऊ वर्षांची असताना आली, लेटिस मावशीकडे. तेव्हापासून तिची प्रत्येक गोष्ट गावाला ठाऊक. ती गाडीच्या परीक्षेत नापास झाली, गावाला ठाऊक. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, ते तर तिच्या आधी पोस्टातल्या बाईला ठाऊक. मावशी गेली, घर ब्रायनीच्या नावावर झालं, आणि तिनं ठरवून टाकलं की आता हे विकायचं आणि एडिंबरा गाठायचं. ती पियानो सुरात जुळवण्याचं काम करायची. एडिंबरामधल्या वाद्यांच्या एका कारखान्यानं तिला सहा आठवडे कामावर ठेवून पाहिलं होतं आणि नाताळापर्यंत तिच्यासाठी जागा राखली होती. कारखान्याबाहेर तिथं कोणी तिला ओळखत नव्हतं. त्या नुसत्या कल्पनेनंही तिला मोकळं वाटायचं. फक्त त्याआधी घर विकलं जायला हवं होतं, कारण त्या पैशाशिवाय तिथं साधी खोलीही मिळणार नव्हती.

आणि घर काही विकलं जात नव्हतं.

"मिस पेनफोल्ड, तेही लोक नाही म्हणाले," सप्टेंबरात दलालाचा फोन आला. "तुमची गल्ली जरा... म्हणजे, बदनाम आहे."

"ग्लीब लेन? इथं चार घरं आणि एक कोंबड्यांचं खुराडं आहे!"

"पोलिसांचा नकाशा बघा. हल्ली लोक घर बघायच्या आधी तोच बघतात."

तिनं संगणक उघडला. कुठं किती गुन्हे घडले ते पोलीस त्या नकाशावर दर महिन्याला वर्तुळांनी दाखवत. आजूबाजूची गावं कोरी होती. बाजारपेठेच्या मोठ्या गावावर एक मध्यम वर्तुळ होतं. आणि ग्लीब लेनवर, अगदी तिच्या छपरावर म्हणावं असं, भलंमोठं लाल वर्तुळ बसलं होतं. आता हे कोणाचं काम, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

ती तशीच पावसात बाहेर पडली. ज्यूड हॅलम (नाव गावानं तिला सांगितलंच होतं, तो शाळेत गणित शिकवतो हेही) फाटकाला दुसरं कुलूप बसवत होता.

"तक्रारी तुम्ही केल्यात?"

"केल्या," तो म्हणाला. "सगळ्या खऱ्या आहेत."

"खऱ्या? असं पाहिलंत तरी काय?"

"काठ्या घेतलेल्या पुरुषांची टोळी! आठ जण होते! पायांना घुंगरं बांधून एकमेकांवर काठ्या हाणत होते. पबच्या दारात, भर दिवसा!"

"नाच होता तो! दर उन्हाळ्यात असतो! त्यातला एक माझा दातांचा डॉक्टर आहे!"

"पहाटे चर्चचं दार हलवून बघणाऱ्या तीन बायका..."

"चर्च फुलांनी सजवायला जातात!"

"बरं. आणि माझ्या घरात शिरून कोणीतरी टेबलावर तीन भोपळे ठेवून गेलं, त्याचं काय? काही नेलं नाही, नुसते ठेवले. हा इशारा नाही तर काय?"

"त्या मिसेस पॉटिंजर!" ब्रायनीनं कपाळावर हात मारला. "त्यांचा मळा उतू जातो, मग त्या सगळ्यांच्या टेबलावर भोपळे ठेवत फिरतात. आम्हालाही नको असतात हो, पण आम्ही पोलिसांना बोलावत नाही, सूप करतो!"

हे सगळं नेमकं कुठल्या सदरात बसवावं, ते पोलिसांनाही कळलं नसावं. त्यांनी सरसकट 'समाजविघातक वर्तन' म्हणून टाकलं होतं. मिसेस पॉटिंजर स्वतः गावाच्या नेबरहूड वॉचच्या, म्हणजे शेजाऱ्यांनीच ठेवायच्या पहाऱ्याच्या, अध्यक्ष. त्यांच्या खिडकीत त्याचा पिवळा फलक आणि फलकामागं दुर्बीण घेऊन त्या. त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी ज्यूडच्या घरावर मोर्चाच नेला असता.

"तुमच्यामुळं माझं घर विकलं जात नाहीये," ब्रायनी म्हणाली. आवाज चढवायचा होता, पण तो नेमका थरथरला.

ज्यूडनं हातातलं कुलूप खाली ठेवलं. "लीड्समध्ये माझं घर दोनदा फोडलं," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्यांदा मी आत झोपलेला होतो. सकाळी उठलो तर उशाशी ठेवलेलं घड्याळ नव्हतं. म्हणजे कोणीतरी एवढ्या जवळ येऊन उभं होतं... तेव्हापासून पान हललं तरी मला जाग येते. मला माफ करा. खरंच."

पाऊस त्याच्या भुवयांवरून निथळत होता आणि तो पुसायचंही त्याच्या लक्षात नव्हतं. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं! तिला भयंकर वैताग आला.

"असं करा," ती म्हणाली. "पुन्हा काही संशयास्पद दिसलं, तर पोलिसांना नाही, मला फोन करायचा."

"कितीही वाजता?"

"झोपायच्या आधी."

तिनं हे बोलायला नको होतं. फोनमागून फोन सुरू झाले.

"ब्रायनी, चर्चमागं कोणीतरी जमीन खणतंय."

"चर्चमागं दफनभूमी आहे, ज्यूड. तिथं खणतातच."

"ब्रायनी, एक माणूस झाडाला मिठी मारून उभा आहे."

"सफरचंदं पिकलीत का, ते झाड हलवून बघतोय. तू जेवलास का?"

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. ती फोन उचलताना दात-ओठ खायची, आणि फोन आला नाही तर तो बंद तर पडला नाही ना, हे उचलून बघायची.

एका रविवारी दुपारी तो कुजबुजला, "कुंपणाआड कोणीतरी दडून बसलंय. धूर येतोय. या वेळी खरंच!" ती रिमझिमीत तशीच धावली. दोघं ओल्या गवतात, खांद्याला खांदा लावून, बसत-सरकत कुंपणापर्यंत गेले. आड बसला होता पबचा मालक क्लाइव्ह. बायकोच्या नजरेआड सिगारेट ओढत.

"सांगू नका हं," तो गयावया करून म्हणाला.

ब्रायनीला हसू आवरेना. हसताहसता तिचा तोल गेला आणि ज्यूडनं तिला सावरलं. तिच्या बाहीला चिकटलेलं ओलं पान त्यानं काढलं. काढून झालं, तरी त्याचा हात तिथंच राहिला. तिनंही तो झटकला नाही. त्याचे डोळे इतक्या जवळून पाहिले नव्हते तिनं... तपकिरी होते, आणि त्यात आता भीती अजिबात नव्हती.

"ज्यूड..." ती म्हणाली. पुढं काय म्हणायचं होतं, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतला पडदा हलला.

दुसऱ्या दिवशी पोस्टात बाईनं तिकिटं फाडताफाडता विचारलं, "मग, लग्न वसंतात का? मिसेस पॉटिंजर म्हणत होत्या, कुंपणापाशी सगळं ठरलं म्हणून."

ब्रायनी तणतणत घरी आली. ज्यूड वाटेतच भेटला आणि सगळा राग त्याच्यावर निघाला. "म्हणून जायचंय मला इथून! शिंकले तरी गावभर होतं! नाताळाआधी घर विकलं गेलं नाही ना, तर वेड लागेल मला!"

त्यानं नुसती मान हलवली आणि तो निघून गेला.

त्यानंतर फोन बंद झाले. आणखी महिना उलटला आणि नकाशावरचं लाल वर्तुळ पुसलं गेलं. ग्लीब लेन दुधासारखी स्वच्छ झाली. दलाल खूश झाला. ब्रायनी मात्र फोनकडे बघून त्यालाच शिव्या घालायची. गुन्हे संपले म्हणून दुःख करत बसलेली अख्ख्या परगण्यात ती एकटीच असावी.

डिसेंबरच्या सुरुवातीला लंडनहून वेदरबी नवराबायको घर बघायला आले. त्यांना घर आवडलं, बाग आवडली, दुरुस्त केलेलं छप्परही आवडलं. "फक्त एक," मिसेस वेदरबी फाटकाशी थांबून म्हणाल्या. "मधे इथं गुन्हे फार होते म्हणे?"

पलीकडे ज्यूड पानं झाडत होता. त्यानं झाडू भिंतीला टेकवला.

"ते सगळे माझेच," तो म्हणाला. "म्हणजे, तक्रारी माझ्या. मी घाबरट माणूस आहे, बाई. इथं आलो तेव्हा दाराला तीन कुलपं लावून झोपायचो. आता दार नुसतं ओढून घेतो. मागच्या आठवड्यात तापानं पडलो होतो. शुद्धीवर आलो तर टेबलावर सूप, औषध आणि कोणाचीतरी गरम पाण्याची रबरी पिशवी. कोण आलं, कोण गेलं, मला पत्ता नाही. पूर्वी हेच घडलं असतं, तर मी भीतीनं मेलो असतो. या वेळी पुन्हा झोपलो, गाढ. घ्या हे घर. पस्तावणार नाही."

मिसेस वेदरबींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मान डोलावली. झालं, ठरलंच म्हणायचं!

ब्रायनीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हा ताप आलेला पडून होता आणि त्यानं तिला एक फोन केला नाही? आणि आता किती मनापासून, किती नीट घर विकून देतोय तिचं!

"खोटं आहे!" ती ओरडली. "अजिबात घेऊ नका!"

"काय?" मिस्टर वेदरबी दचकले.

"इथं कोणालाही धड एकटं राहता येत नाही! दिवसभर कोणीतरी बघत असतं. शेजारचा माणूस महिनाभर फोन करून करून जीव खातो, आणि मग एक दिवस अचानक बंद करतो! मग तुम्ही दुसऱ्याचा पियानो जुळवायला बसता आणि कान सगळा त्या मेल्या फोनकडे! ही काय जगायची रीत झाली? घर विकायचं नाहीये मला. माफ करा. चहा घेऊन जा हवा तर."

वेदरबींनी चहा घेतला नाही. त्यांची गाडी गल्लीतून वळून दिसेनाशी झाली आणि मग तिथं फक्त ते दोघं उरले.

"हे काय केलंस?" ज्यूड म्हणाला. "तीन दिवस आरशासमोर उभा राहून ते भाषण पाठ केलं मी."

"कशाला?"

"तुला जायचं होतं ना."

"तू एकदा तरी म्हणालास, जाऊ नको म्हणून?"

"तू म्हणालीस की वेड लागेल. मग मी कुठल्या तोंडानं..." तो थांबला. कान पुन्हा लाल. "जाऊ नको, ब्रायनी. मला तू हवी आहेस. आणि एडिंबराला जाणार असशील, तर मी येतो तिथं. तिथल्या मुलांनाही गणित येत नसेलच."

"गाढवा," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू आत्ता कुठं नीट झोपायला लागलास. आणि इथल्या साठ गावांत मिळून एकही पियानो सुरात नाहीये. कारखान्याला मी आजच कळवते. कुठं जाऊ मी?"

तिनं त्याची कॉलर धरली. समोरचा पडदा हललेला तिला स्पष्ट दिसला. पुढच्या तासाभरात पोस्टात कळेल, पबमध्ये कळेल, चर्चमध्ये फुलं लावताना चर्चा होईल. तिला सगळं माहीत होतं. तरी तिनं भर गल्लीत, भर दुपारी, अगदी सावकाश त्याचं चुंबन घेतलं.

मग मान वळवून तिनं विचारलं, "काय मिसेस पॉटिंजर, नीट दिसतंय ना तिथून?"

खिडकी करकरत उघडली.

"थोडं डावीकडे सरक ग पोरी," मिसेस पॉटिंजर म्हणाल्या. "मधे तो दिव्याचा खांब येतो."

ब्रायनीनं एक मोठा उसासा टाकला, ज्यूडच्या कोटाला धरून त्याला ओढलं, आणि मुकाट्यानं डावीकडे सरकली.