हवेनं फुगलेलं दार

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पोलिसांनी नाही, गल्लीनं नाही, सख्ख्या भावानंही नाही. तो म्हणतो, "ताई, तिकडच्या दमट हवेनं तुझं डोकं फिरलंय." चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं. म्हणून लिहून ठेवते. दिवे घालवून पोरीबाळींना गोष्ट सांगावी तशीच लिहिते. ज्याला पटत नाही त्यानं इथंच थांबावं.

आमचे मिस्त्री, म्हणजे माझा नवरा, सुतार. मी त्यांच्या हाताखाली पॉलिश आणि रंगकाम करते. आमचं जुनं शहर कोरडं ठणठणीत. भुशाच्या धुळीनं मिस्त्रींना असा खोकला लागायचा की रात्री उशी दातात धरून बसायचे. डॉक्टर म्हणाला, दमट हवेच्या ठिकाणी जा. गेलो. आणि खोटं कशाला बोलू, पंधरा दिवसांत खोकला गेला. माझ्या टाचांच्या भेगा वीस वर्षांत पहिल्यांदा बुजल्या. त्या हवेला मी हात जोडले. पण त्याच हवेनं मिठाचा दगड झाला, काडेपेटी पेटेना, चपलांवर हिरवी बुरशी आली, आणि धुतलेली चादर तिसऱ्या दिवशीही ओली ती ओलीच, वर तिला ओल्या कुत्र्याचा वास. सकाळी हात जोडायचे, संध्याकाळी शिव्या घालायच्या, असं माझं चाललं होतं. माझी लेक ठमी, सतरा वर्षांची, ती मात्र दोन्ही वेळा शिव्याच घालायची.

घरमालक वर राहायचा, आम्ही खाली. साठीचा, एकटा. बोलताना हसायचा, ऐकताना हसायचा, नुसता उभा असला तरी हसायचा. गल्ली त्याला हसऱ्या म्हणायची, तोंडावरसुद्धा.

खालच्या मागच्या खोलीत ठमी झोपायची. त्या खोलीच्या दारावर बाहेरच्या बाजूनं एक काळा डाग होता, वीतभर लांब. मी तो घासला, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंग दिला. आठ दिवसांत डाग वर. पुन्हा रंगवला. पुन्हा वर. शेवटी त्या शुक्रवारी दुपारी, डाग दाबणारा चांगला रंग मिळतो का बघावं म्हणून पिशवी घेऊन निघाले. समोरची शिंपीण दारात बटणं लावत बसली होती.

"कुठं गं?"

"रंग आणायला. मागच्या दाराचा डाग हटत नाही."

तिनं दोरा दातानं तोडला. "तो नाही जायचा. परत फीर."

मी पायरीवर बसले. तिनं सांगितलं ते असं. बारा वर्षांपूर्वी हसऱ्याची बायको त्याच खोलीत जळाली. तीही कोरड्या गावची. तिला ही हवा सोसेना, अंगभर घामोळं, सारखा दम. माहेरी परत जाते म्हणाली, बॅग भरली. त्याच रात्री स्टोव्ह भडकला. हा दाराबाहेर उभा राहून ओरडत होता, दार फुगलंय, दार फुगलंय. माणसं धावत गेली तोवर त्यानंच ते उघडलं होतं. म्हणाला, आत्ता कुठं सुटलं.

"मग?"

"मग काय. सगळे म्हणाले, हवेनं मारली." तिनं पुढचं बटण उचललं.

मी रंग न आणताच घरी आले आणि मिस्त्रींना सांगितलं. ते दारापाशी गेले. दार लावलं, चौकटीच्या फटीत करंगळी घातली. करंगळी आरपार फिरली.

"हे दार भर पुरात फुगलं तरी अडकायचं नाही," ते म्हणाले. "जुनं, मुरलेलं लाकूड आहे."

मग पटाशीनं डाग खरवडला. माझी लांबी निघाली, तिच्याखाली दुसऱ्या कुणाची तरी जुनी लांबी निघाली, आणि त्याखाली स्क्रूची भोकं. दारावर चार, चौकटीवर दोन.

"इथं कडी होती. इथं तिचा कोयंडा. लोखंडाचा गंज ओल्या हवेत लाकडात मुरतो. वरून किती रंग फासलास तरी येणारच."

"झोपायच्या खोलीला बाहेरून कडी कोण लावतं?"

त्यांनी छताकडे पाहिलं. वरचे पावलांचे आवाज थांबले होते. जिन्यात हसऱ्या उभा होता.

"काय मिस्त्री, माझं दार सोलता होय? डागच तर आहे. इथली हवाच तशी." मग माझ्याकडे वळून, "सवय होते, वहिनी."

नेमकी तेव्हाच ठमी बाहेर आली. हातात भरलेली बॅग. "मला नाही व्हायची. मी उद्या सकाळच्या गाडीनं मामाकडे जाते."

"जाशील कुठं, पोरी," तो म्हणाला. हसतच. आणि वर गेला.

रात्री मी ठमीला म्हटलं, आज आमच्याजवळ झोप. ऐकेल तर ठमी कसली. "इथं गुदमरतं. खिडकी तिकडेच आहे." गेली मागच्या खोलीत.

दोन वाजून वीस मिनिटं. फ्रिजवरचं घड्याळ मी स्वतः पाहिलंय.

धाड.

"आई."

धाड. धाड.

"आई, दार उघडत नाही."

आम्ही धावलो. दाराला ना आतून कडी, ना बाहेरून. मूठ धरून ओढलं. हललं नाही. दाराखालून रॉकेलचा वास येत होता. आमच्या घरात रॉकेलचा थेंब नव्हता.

मिस्त्रींनी पहार आणली. दुपारी करंगळी गेली होती त्या फटीत पहारीचं टोक शिरेना. ठोकून घुसवलं, जोर दिला... आणि दारानं उलटा हिसका दिला. पहार फिरली. त्यांची दोन बोटं चौकटीवर चिरडली. हाड दिसलं. रक्त दारावरून ओघळलं आणि अर्ध्यातच दिसेनासं झालं. लाकडानं ते पिऊन टाकलं.

मी हातोडा उचलला. घातला. पुन्हा घातला. लाकडावर बसल्याचा आवाज नव्हता तो. खाटकाच्या दुकानात येतो, तसा.

आत ठमी रडत होती. मोठ्यानं. तिच्याबरोबर अजून कुणीतरी रडत होतं.

हसऱ्या खाली आला. हसत. "फुगलं असेल. हवा आहे, वहिनी."

रडणं वाढलं.

त्यानं दाराच्या मुठीला हात लावला. नुसता लावला.

दार उघडलं.

ठमी फेकल्यासारखी माझ्या छातीवर आली. तिच्यामागून एक हात आला... काळा... सालपटं लोंबत असलेला... त्यानं हसऱ्याचा जबडा धरला. चौकटीवर आपटला. एकदा. दोनदा. दात जमिनीवर पडले. तोंडावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. हात त्याला आत ओढू लागला तशी त्यानं चौकट घट्ट पकडली. दार मिटलं.

बोटं बाहेर राहिली.

मग आतून ठोकणं सुरू झालं.

"वहिनी... उघडा... वहिनी, कडी काढा..."

कडी.

बारा वर्षांत त्या दाराला कडी नव्हती.

मिस्त्रींनी बऱ्या हातानं पहार ओढायला घेतली. मी तिच्यावर पाय दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाय उचलला नाही.

"दार फुगलंय, मालक," मी म्हटलं. "हवा आहे."

वीस मिनिटं लागली. मग...

मग काहीच नाही.

सकाळी पोलिसानं एका बोटानं ओढलं आणि दार उघडलं. हसऱ्या दारामागेच कोळसा होऊन पडला होता. पलंगावरची चादर पांढरीशुभ्र होती. मच्छरदाणीचा एक धागाही जळला नव्हता. पोलिसांनी कागदावर लिहिलं, स्टोव्ह भडकला, दमट हवेनं दार अडकलं. खोलीत स्टोव्ह नव्हता. मी तीनदा सांगितलं. "बाई, तुम्ही घाबरलाय," म्हणाले.

ठमी चौथ्या दिवशी बोलली. "आई, एक बाई माझ्या बॅगेवर बसली होती. केस ओले होते. म्हणाली, जोरात रड, म्हणजे तो येईल."

ठमीला मामाकडे पाठवलं. आम्ही याच शहरात दुसरं घर घेतलं. मिस्त्रींची दोन बोटं गेली, पण खोकला परत आला नाही. मी अजून सकाळी या हवेला हात जोडते. संध्याकाळी तिला शिव्या घालते. रात्री मात्र काही बोलत नाही.

ते घर सोडताना मी दार पाहून आले. बाहेरची बाजू स्वच्छ. डागाचं नावनिशाण नाही. आत गेले. तेवढ्याच उंचीवर, आतल्या बाजूनं, वीतभर काळा डाग. कडीचा. कोयंड्यात अडकवलेल्या कडीचा. मिस्त्रींनी डाव्या हातानं पटाशी घेऊन खरवडलं. खाली लांबी नव्हती. भोकं नव्हती. त्या बाजूला कधी एक स्क्रूसुद्धा गेला नव्हता.

भाऊ म्हणतो, असू दे भूतबीत, पण पहारीवर पाय कुणाचा होता? माझा होता. नाकारते कुठं. पण पोलिसांच्या कागदावर अजून हवेचं नाव आहे. दोन्ही वेळा तिचंच लिहिलं. ते खोडा. माझं लिहायचं तर खाली कुठंतरी लिहा. वर मात्र एकच नाव येऊ द्या.

हसऱ्या.