डबी, कार्ड आणि पाच सेकंद

कार्ड एकच होतं आणि हात दोन.

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात, वायरींच्या गुंत्यानं भरलेल्या टोपलीच्या तळाशी ते जाडजूड चौकोनी मेमरी कार्ड दिसलं आणि खारूनं झडप घातली. त्याच क्षणी पलीकडून आणखी एक हात आला. लांब बोटं, नखांच्या कडेला काळं तेल. कार्डाचं एक टोक तिच्या चिमटीत, दुसरं त्याच्या.

"मी आधी पाहिलं," ती म्हणाली.

"पाहिलं असेल. पकडलं मी आधी."

"सोडा."

"हल्ली असली कार्डं कुणी वापरत नाही हो. करणार काय तुम्ही याचं?"

"तुम्ही काय करणार, लोणचं घालणार?"

तो हसला. हसताना त्याची पकड सैल झाली आणि खारूनं संधी साधली. कार्ड तिच्या मुठीत गेलं! तिला लहानपणापासून खारू म्हणत ते काही उगाच नाही. बाहुल्यांच्या रंगमंचाच्या सांगाड्यावर ती खारीसारखी सरसर चढायची, आणि हातात आलेली वस्तू सोडायची नाही.

"माझ्याकडे एक जुना कॅमेरा आलाय दुरुस्तीला. त्याच्यासाठी हवं होतं," तो म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला घाई नाही. तुम्हाला फारच दिसतेय."

"शनिवारपर्यंत."

"म्हणजे?"

सांगावं की नाही... पण त्याचे डोळे खरंच विचारत होते. खारूनं पिशवीतून डबी काढली.

डबी म्हणजे तळहातावर मावणारा एक जुना कॉम्प्युटर. झाकण उघडलं की आत शेंगदाण्याएवढ्या बटणांचा कीबोर्ड, वर इवलासा पडदा आणि पोटात लिनक्स नावाची प्रणाली. मामांच्या बाहुल्यांच्या खेळाचे सगळे दिवे ही डबी सांभाळायची. खेळ करताना खारूचे दोन्ही हात दोऱ्यांत अडकलेले. तिनं पायाखालचा खटका दाबला की डबी पुढचा दिवा लावायची, मागचा विझवायची. तो प्रोग्रॅम खारूनंच कॉलेजात असताना, डोळे फुटेस्तोवर बसून लिहिला होता. मामा डबीला आपला तिसरा हात म्हणायचे. पण गेल्या दोन-तीन खेळांत हा तिसरा हात ऐन वेळी लुळा पडायला लागला होता. राजपुत्र घोड्यावर बसून निघाला रे निघाला की दिवे गुल! मुलांना वाटायचं रात्र झाली. मामांना वाटायचं आपलं संपलं.

आणि शनिवारी ग्रंथालयाच्या मुलांच्या दालनात तिथल्या बाई त्यांचा खेळ बघणार होत्या. त्यांना पसंत पडला, तर तिथे दर शनिवारी खेळ. नाही पडला, तर मामा सगळ्या बाहुल्या एका सजावटवाल्याला देणार होते. त्याला त्या हॉटेलांच्या भिंतींवर टांगायच्या होत्या. राजपुत्र खिळ्याला लटकलाय आणि खाली लोक सूप पितायत, हे चित्र खारूच्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं. मामा 'देऊन टाकू' म्हणाले होते. ती 'मुळीच नाही' म्हणाली होती. एवढंच ठरलं होतं, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

कॅमेरावाल्यानं डबी कानाला लावली. आतून टिक... टिक... असा आवाज येत होता.

"हार्ड डिस्क गेलीय. जायच्या बेतात आहे म्हणा. आत नखाएवढी तबकडी फिरते ना, भिंगरीसारखी. आपटली होती का?"

"छे! आम्ही जिवापाड जपतो तिला. फळीखाली घट्ट बांधून ठेवतो."

"कुठल्या फळीखाली?"

"ज्या फळीवर मामा लाकडी खडावा घालून नाचतात. घोड्याच्या टापांचा आवाज नको का यायला?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, फिरत्या तबकडीवर घोडा उधळलात तुम्ही!"

खारूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. इतके दिवस ती वायरी तपासत होती, खटका बदलत होती, मामांच्या नकळत दिव्यांना शिव्या घालत होती; डिस्कची टिकटिक तर तिला कालच ऐकू आली होती. आणि आपल्याच हातांनी आपण डबीला घोड्याच्या पायाखाली दिलं होतं!

"म्हणून तर कार्ड घालायचंय," ती हनुवटी वर करून म्हणाली. "त्यात काही फिरत नाही. मग नाचू दे खुशाल."

"उघडायला स्क्रू ड्रायव्हर आहे?"

"आहे."

"कोणता?"

"जो आहे तो."

"समोरच्या गल्लीत माझं दुकान आहे," तो सुस्कारा सोडून म्हणाला. "चला. नाहीतर जो आहे तो वापरून जे आहे तेही घालवाल."

त्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतभर लहान लहान खण, टेबलावर मानेनं वाकणारा दिवा आणि मशीनच्या तेलाचा वास. त्यानं पुढे केलेला हात तिनं बाजूला सारला.

"मीच करणार. तुम्ही फक्त दिवा धरा."

"माझ्याच दुकानात मी दिवा धरू?"

"आणि बिघडलं तर दोष कुणाला देऊ? तुम्हाला दिला तर वाईट दिसेल."

त्यानं दिवा धरला. तिनं एकेक स्क्रू काढून बर्फाच्या ट्रेच्या खणांत ठेवला. त्यानं "हलकं... अजून हलकं" म्हणत तिला झाकण उचलायला लावलं. झाकण सुटलं तेव्हा दोघांची डोकी इतकी जवळ होती की तिचे केस त्याच्या चष्म्याला लागले. दिवा किंचित हलला.

"दिवा हलतोय," खारू म्हणाली.

"दिव्याचा दोष नाही," तो म्हणाला.

जुनी डिस्क बाहेर काढून त्याच्या कॉम्प्युटरला जोडली. तिच्यातलं सगळं जसंच्या तसं कार्डावर उतरवायचं होतं. डिस्क मध्येच अडायची, टिकटिक करायची, आणि खारू आज्ञा पुन्हा टाइप करायची. अडली की पुन्हा. तो चहा करून आणायचा, ती पडद्यावरून नजर न हटवता कप घ्यायची. संध्याकाळी ती परत निघाली, दुसऱ्या दिवशी कामावरून थेट पुन्हा हजर झाली. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही. तो म्हणाला, "तू कधी हार मानतेस का गं?" ती म्हणाली, "सवय नाही. तू शिकवू नकोस."

शेवटी सगळं उतरलं. कार्ड डबीत बसलं, झाकण लागलं, बटण दाबलं. दोघंही पडद्यावर वाकले.

काळोख.

पुन्हा दाबलं. पडद्यावर एक ओळ आली: डिस्क सापडत नाही. आणि मग पुन्हा काळोख. खारूनं कार्ड काढलं, पुसलं, घातलं. तेच. गुरुवारची संध्याकाळ होती आणि दुकानाबाहेर दिवे लागायला लागले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं बाहीनं पुसलं आणि त्याच्याकडे पाठ केली.

"ऐक ना," तो हळूच म्हणाला. "शनिवारी मी येतो. तू मान हलवलीस की मी दिवे लावीन, विझवीन. बटणंच तर दाबायची."

"आणि पुढच्या शनिवारी?"

"तेव्हाही येईन."

"आणि त्याच्या पुढच्या?"

तो थांबला. चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्याच्याही पुढच्या. मला... येत राहायला आवडेल. दिव्यांसाठी म्हणून नाही. तुला चालेल?"

आता इथे खारूनं काहीतरी बोलायला हवं होतं. पण असा प्रश्न अंगावर आला की तिला चटकन बोलता यायचं नाही. डोकं म्हणत होतं आधी डबी, आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी आतून वर येऊ पाहत होतं. ते ओठांपर्यंत यायला जरासा वेळ लागणार होता. तेवढा वेळ त्यानं दिलाच नाही.

"सहज म्हणालो," तो घाईघाईनं म्हणाला आणि चष्मा घातला. "विसरा. तुम्हाला उशीर होतोय."

पुन्हा 'तुम्ही'. खारूला ते थप्पड बसावी तसं लागलं. तिनं डबी उचलली आणि बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बाहुल्यांचे कपडे घड्या घालून खोक्यात ठेवत होते.

"मामा, ते खोकं उघडं ठेवा," खारू म्हणाली.

"पोरी, उगाच जिवाला त्रास..."

"उघडं ठेवा म्हणते ना!"

तिनं एक बटण दाबून धरून डबी चालू केली. असं केलं की कार्डाशिवायही डबीच्या स्वतःच्या छोट्या मेमरीतून दुरुस्तीची काळी खिडकी उघडते. चालू होताना डबी काय काय करते, त्या सगळ्या ओळी तिथे होत्या. खारू बोट ठेवून एकेक वाचत गेली. आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

डबी चालू झाल्या झाल्या विचारत होती: डिस्क, आहेस का? जुनी डिस्क तिथल्या तिथे 'हो' म्हणायची. कार्डाला मात्र जागं व्हायला थोडा वेळ लागत होता. आणि डबी एकदाच विचारून, उत्तर यायच्या आत, 'नाही' समजून दार लावून घेत होती.

"अगदी त्याच्यासारखी!" खारू मोठ्यानं म्हणाली.

"कुणासारखी?" मामांनी विचारलं.

"कुणासारखी नाही."

तिनं त्या ओळीच्या आधी एक नवी ओळ घातली. पाच सेकंद थांब. बस, एवढीच. बटण दाबलं, श्वास रोखला. काळोख... काळोख... आणि मग पडद्यावर ओळी धडाधडा उतरायला लागल्या. टिकटिक नाही, कुरकुर नाही. मामांनी खडावा चढवल्या आणि फळीवर असा काही घोडा उधळला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. एकही दिवा विझला नाही. मामांनी डोळे पुसले आणि खोक्यातून राजपुत्राला बाहेर काढलं.

शनिवारी खारूनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत मांडी घातलेली मुलं, खुर्चीवर ग्रंथालयाच्या बाई. आणि अगदी मागे, दाराला टेकून, तो. बोलावलं नव्हतं तरी आला होता. दालनाच्या दिव्यांच्या बटणांजवळ उभा होता, वेळ पडली तर असावं म्हणून. खारूचे हात दोऱ्यांत होते, नाहीतर तिनं त्याला तिथेच गाठलं असतं.

राजपुत्र घोड्यावर बसला. मामांच्या टापा घुमल्या. खारूनं दात आवळून खटका दाबला आणि रंगमंचावर लख्ख सकाळ झाली. घोडा डोंगर ओलांडून गेला, नदी ओलांडून गेला, आणि उजेड शेवटपर्यंत त्याच्या सोबत राहिला. मुलं ओरडत होती. खेळ संपल्यावर बाई मामांचा हात धरून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी जरा लवकर याल? मुलं आधीपासून जागा धरतील." मामा जोरजोरात मान हलवत राहिले.

दालन रिकामं झालं. मामा पडद्यामागे आवराआवर करत होते. तो दारातून वळणारच होता.

"कॅमेरावाले!" खारूनं रंगमंचावरूनच हाक मारली. "इकडे या."

तो आला. "कसं केलंत?"

"ते नंतर. आधी परवाचा प्रश्न पुन्हा विचार."

तो गोंधळला. मग त्याचे कान लाल झाले. "मला... येत राहायला आवडेल. दर शनिवारी. मधल्या दिवशीही. तुला चालेल?"

खारू गप्प राहिली. आतलं ते पुन्हा हळूहळू वर येत होतं. त्याचा चेहरा उतरला, ओठ हलले, हात चष्म्याकडे गेला...

"थांब!" ती म्हणाली. "पाच सेकंद थांबता येत नाही का माणसाला?"

तो थांबला. हात तसाच अर्ध्यावर, श्वासही बहुतेक अर्ध्यावर. खारूनं त्याच्याकडे मनसोक्त पाहून घेतलं. वाकडा चष्मा, तेलकट नखं, आणि तिच्या उत्तरासाठी जागच्या जागी उभं राहिलेलं एवढं मोठं माणूस.

"चालेल," ती म्हणाली. "मला केव्हाचंच चालतंय. तूच ऐकायला थांबला नाहीस."

पडद्यामागे मामांनी नुसतं खाकरून भागवलं नाही. त्यांनी खडावा चढवल्या आणि फळीवर घोडा उधळला. दिवे तसेच लख्ख जळत राहिले.

मग खारूनंच पाय पुढे सरकवला आणि खटका दाबला. या वेळी अंधार तिला हवा होता.