दोन कार्डांमधली फट

टाकीचं पाणी बारा वाजता बंद होणार, एवढंच सांगायला घरमालकांची मुलगी सृष्टी वरच्या खोलीच्या दारात गेली होती. आत नवा भाडेकरू कॉम्प्युटरचा डबा उघडा टाकून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालत बसला होता... अगदी आजारी माणसाला घालावा तसा!

"ताप आलाय का त्याला?" तिनं विचारलं.

"पंच्याण्णव सेल्सिअस," तो वर न बघताच म्हणाला. मग त्यानं वर बघितलं, आणि वर्तमानपत्र हातातच राहिलं.

दोन हजार नऊचा एप्रिल होता. मारुंजीत पत्र्याखालच्या खोल्यांची भट्टी झाली होती. अनिमेष अकोल्याचा, हिंजवडीत नोकरीला. गेम खेळायचं त्याला भारी वेड! हौसेनं त्यानं खेळाची चित्रं पडद्यावर आणणारी एक सोडून दोन ग्राफिक्स कार्डं बसवली होती, एकाखाली एक. खेळ रंगात आला की वरचं कार्ड तापायचं आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा.

सृष्टीनं वाकून बघितलं. डबा भिंतीला टेकलेला, कार्डं एकमेकांना खेटलेली.

"आमी कांदा असा ठिवला तर आठ दिसांत सडंल," ती म्हणाली. "कांद्याच्या चाळीला खालनं वारा लागतो, मधी फट लागती. खालच्याची वाफ वरच्याच्या नाकात चाललीय, तापंल न्हाई तर काय?"

"बाप्पा! आमच्या ऑफिसात तुम्हालाच घ्यायला पाहिजे."

"तुमच्या ऑफिसला मी झेपायची न्हाई. विटा आणू का दोन?"

डबा विटांवर चढला, भिंतीपासून हातभर पुढं आला. अनिमेषनं खालचं कार्ड आणखी खालच्या खाचेत सरकवलं आणि टेबलफॅन उघड्या बाजूला लावला. पडद्यावरचा तापमानाचा आकडा अठ्ठ्याहत्तरवर उतरला. सृष्टी आकड्याकडं बघत होती, आणि तो तिच्याकडं.

मग दर रविवारी कार्डांवरची धूळ झाडायला ती ब्रश घेऊन वर जायची. एवढी धूळ साठते कुठं? पण विचारणार कोण! ब्रश देताना बोटं लागायची, आणि मग दोघंही उगाच पंख्याकडं बघत बसायची...

खोलीचा करार अकरा महिन्यांचा. मार्च जवळ आला तशी सृष्टीची झोप उडाली. करार वाढला नाही तर अनिमेष जाणार, आणि पौडचं एक स्थळ तिच्या वडिलांच्या, आबांच्या मनात भरलं होतं.

"तुमच्या मामांना घिऊन या," तिनं बजावलं. अनिमेषला वडील नव्हते, मामांनीच वाढवलं होतं. "मोठी माणसं मोठ्यांशी बोलतील. तुमी सोता तोंड उघडू नका."

"प्रेम माझं, आणि विचारणार मामा?" तो हसला. सरळ बोललं की काम होतं, असा त्याचा भाबडा समज होता.

कराराच्या दिवशी आबा, म्हणजे हैबतराव, अंगणात भावकीतल्या दोघांबरोबर बसले होते. अनिमेषनं कागद पुढं केला आणि म्हणाला, "करार वाढवा, आबा. आणि... मला सृष्टीशी लग्न करायचंय."

भावकीतला एक जण खाकरला. आबांनी शांतपणे कागदाची घडी केली.

"सांजच्याला खोली मोकळी करा."

एकट्यात, मामांच्या तोंडून हेच आलं असतं तर आबा निदान विचार करते. सृष्टी बाप ओळखून होती. चारचौघांत भाडेकरूनं पोरगी मागितली, आता त्यांनी माघार घेणं शक्य नव्हतं.

दिवस मावळायला टेम्पो आला. अनिमेषनं कॉम्प्युटर मांडीवर घेतला होता.

"मी मामांना घेऊन येतो, सृष्टी. चूक झाली, पाया पडतो आबांच्या. तू फक्त हो म्हण."

"हो," ती म्हणाली. "हजार येळा हो. पण येऊ नका तुमी."

"का?"

"आबा त्या म्हाताऱ्या मामांचा दारात पाणउतारा करतील... आन मग तुमच्या घरात मी कुठल्या तोंडानं नांदायचं?"

टेम्पो रस्त्याला लागला.

स्वयंपाकघरात सारजाबाई भाकरी थापत होत्या. "गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला," म्हणत सृष्टीनं आईच्या मांडीत तोंड लपवलं आणि ती हमसून हमसून रडली. सारजाबाईंनी पिठाचाच हात तिच्या डोक्यावरून फिरवला. त्यांना सगळं केव्हाच ठाऊक होतं. नवऱ्यापुढं बोलायला मात्र त्यांना साऱ्या जन्मात कधी जमलं नव्हतं.