कल्ल्यांतले पाहुणे

कोळणीच्या टोपलीतल्या शेवटच्या माशावर दोन हात एकदमच पडले.

"आधी मी धरला," तो म्हणाला. "आत्याने मागवलाय."

"आत्यांना मासा द्या ना... मला फक्त कल्ले हवेत."

"नुसते कल्ले? पोट भरेल?"

"खायला नाही हो! त्यात माझे पाहुणे राहतात."

पाहुणे म्हणजे चपटे कृमी — माशाच्या कल्ल्यांना बारीक आकड्यांनी चिकटून राहणारे. कोणता कृमी कोणाचा भाऊबंद, हे ती प्रयोगशाळेत शोधायची. आई वैतागून म्हणायची, "किड्यांची नाती जुळव, स्वतःचं तेवढं राहू दे!"

तो पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. त्याने कल्ले दिले, पण भिंगातून एकदा पाहू देण्याच्या अटीवर. पाहायला म्हणून आला आणि आकड्यांची चित्रं काढायला येतच राहिला. खुर्च्या आपोआप जवळ सरकत गेल्या.

"किती सुबक!" एकदा तो पुटपुटला.

"आकडे ना?"

"हं... तेही."

तिचे कान लाल झाले. ती घाईने भिंगात डोकावली.

मग एका सकाळी डीएनएचा निकाल आला. डोंगराच्या अल्याडच्या आणि पल्याडच्या नदीतले दोन कृमी... रूप वेगळं, मासे वेगळे, प्रयोगशाळेतले सर तर त्यांना दूरचेही नातेवाईक मानत नव्हते. आणि ती निघाली जवळची भावंडं! कृमी काही डोंगर ओलांडत नाहीत; म्हणजे त्या दोन नद्या कधीकाळी एकच असाव्यात.

ती पांढऱ्या कोटातच धावत सुटली. त्याच्या घराचं दार आत्याने उघडलं.

"तूच ना ती कल्लेवाली? ये बाई, या घरात दिवसभर तुझंच पुराण चालतं."

"आत्या!" आतून तो ओरडला आणि ब्रश हातात घेऊनच बाहेर आला. तिने एका दमात सगळं सांगितलं. नद्या, भावंडं, सगळं.

"कमाल केलीत! सर काय म्हणाले?"

ती थबकली. "सरांना... अजून सांगितलंच नाही."

"मग आधी कोणाला?"

"तुम्हाला."

"का?"

ती कोटाचं बटण पिळत राहिली — मग थेट त्याच्याकडे पाहत म्हणाली, "कारण आनंद झाला की मला तुम्हीच आठवता. आवडता तुम्ही मला. झालं समाधान?"

त्याच्या हातातला ब्रश गळून पडला.

"अरे, बोल की मेल्या!" आत्या म्हणाली. "का तेही मीच सांगू?"

"नको, नको..." त्याने तिचा हात हातात घेतला. "मलाही. पहिल्या दिवसापासून."

त्याच्या बोटांवरचा निळा रंग तिच्या बाहीला लागला. तिने हात सोडवून घेतला नाही.